हेडबाई आणि त्यांचे कागद

आमच्या हेडबाईंच्या नजरेस पडलेला कागद पुन्हा आपल्या घरी परत गेला, असं ठाण्यापासून कल्याणपर्यंत कधी घडलेलं नाही. लग्नपत्रिका असो, बारशाचं बोलावणं असो, पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून कुणा शिपायानं धाडलेलं कार्ड असो, त्यांनी चष्मा नाकावर सरकवून "बघू" म्हटलं की त्या कागदाचं पुढचं आयुष्य ठरून जायचं. आणि गंमत म्हणजे ज्याच्या हातून तो कागद गेला, तो गृहस्थ जिना उतरताना आपण काही थोर काम करून आलो अशा चेहऱ्यानं उतरायचा. मी अशी माणसं जिन्यात कितीतरी पाहिली. मी वर जात असायचे आणि ती रिकाम्या हातांनी, प्रसन्न मुद्रेनं खाली येत असायची.

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा त्या तिथे मुख्याध्यापिका होत्या. गावातली निम्मी बायकामाणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या निवृत्त झाल्यावरही त्यांना सगळे हेडबाईच म्हणायचे, पोस्टमनसुद्धा. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या, घरीदारी मराठीच बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या. शुभ्र सुती साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, पायांत पुरुषी वहाणा. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलंच तर "शाळेला सुट्टी नव्हती" एवढंच सांगायच्या. आपल्या समाजाविषयी त्यांना जो अभिमान होता, त्याला माप नव्हतं. फार फार वर्षांपूर्वी अलिबागेजवळ नौगावच्या किनाऱ्यावर यहुद्यांचं गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, ती त्यांच्या समाजाची आद्य माणसं, अशी कथा आहे. हेडबाई ती अशी सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या किनाऱ्यावर हजेरीपुस्तक घेऊन उभ्या होत्या. "सात बायका, सात पुरुष. मोजून चौदा," त्या म्हणायच्या. "त्यातलं एक जोडपं आमचं." कोणतं, हे विचारायची मला कधी छाती झाली नाही.

कागदांचा नाद त्यांना लागला तो एका बंबामुळे. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. यहुद्यांचा नवा देश झाला होता आणि ठाण्या-कल्याणातली एकेक कुटुंबं सामान बांधून तिकडे निघाली होती. हेडबाईंच्या शेजारचं बिऱ्हाड निघायच्या दिवशी सकाळी त्या निरोप द्यायला गेल्या, तर न्हाणीघरात बंब धगधगत होता आणि घरची सून ट्रंकेतले जुने कागद त्यात सारत होती. शेवटून दुसरा कागद हिब्रू अक्षरांचा, रंगीत वेलबुट्टीचा होता. तो होता केतुबा, त्यांच्यातल्या लग्नाचा करारनामा, त्या सुनेच्याच आजेसासूबाईंचा. हेडबाईंनी तो जळत्या बंबातून हातानं ओढून काढला. बोटं भाजली. सून घाबरून म्हणाली, "अहो बाई, जुनं झालंय ते!" त्यावर हेडबाई म्हणाल्या, "मीही झालेय." तो एका कडेनं करपलेला केतुबा म्हणजे नोंद क्रमांक एक.

मग त्यांनी मला बोलावून घेतलं. कारण सरळ होतं. त्यांना मराठी, इंग्रजी, छापील हिब्रू सगळं यायचं, पण जुने कागद मोडीत असायचे आणि मोडी त्यांना येत नव्हती. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून, त्यांनी मला ती लहानपणीच शिकवली होती. "तुमची मोडी चांगली आहे असं ऐकलं," हेडबाई म्हणाल्या. "उद्यापासून शाळा सुटल्यावर या." येता का, असं विचारलंच नाही. मी पाच-सहा वर्षं जात राहिले.

तलावपाळीच्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत त्या राहायच्या आणि दुसरीत कागद. कागदांच्या खोलीला दोन खिडक्या होत्या आणि त्यांच्या खोलीला एकही नव्हती, यावरून काय ते समजावं. सगळीकडे कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या. त्या वासाची मला इतकी सवय झाली की घरी सासूबाई म्हणायच्या, "आलीस का? तू यायच्या आधी तुझा वास येतो." कागदाला शिवण्याआधी मोरीत जाऊन शिकेकाईनं हात धुवायचे, पंच्यानं कोरडे करायचे आणि मग प्रार्थनेच्या वेळी मुली दाखवतात तसे पुढे धरून दाखवायचे, असा नियम होता. नखं वाढलेली दिसली तर उंबऱ्यातूनच रवानगी. एकदा गावातले नावाजलेले डॉक्टर आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आले. त्यांनाही हात दाखवायला लावले. ते जरा फणकाऱ्यानं म्हणाले, "अहो, मी याच हातांनी ऑपरेशनं करतो!" हेडबाई शांतपणे म्हणाल्या, "रोगी बरा होतो, डॉक्टर. कागद होत नाही." डॉक्टर मोरीकडे वळले.

नोंदवहीत रकाने आखलेले होते: क्रमांक, वस्तू काय, कोणाची, कोणी दिली, दिल्याची सही, भाषा, अवस्था आणि शेवटी शेरा. इतर रकाने त्या इतिहासकारासारख्या भरायच्या, पण शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्यातली मास्तरीण जागी व्हायची. एका कीर्तनाच्या वहीपुढे, त्यांच्यात बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं होत, त्यांनी लिहिलं होतं, "विषय योसेफ व त्याचे भाऊ. अक्षर सुरेख. ऱ्हस्वदीर्घ देवाच्या हवाली." दुसरी एक नोंद अशी: "मेव्हण्याने मेव्हण्यास लिहिलेले पत्र. मजकूर, सणाला येऊ नये. शेरा: तरी तो आला होता, हे क्रमांक बावन्नवरून कळते." हे वाचून मी हसले की त्या गंभीरपणे विचारायच्या, "यात हसण्यासारखं काय आहे? पुरावा आहे."

पण हाच रकाना त्यांना स्वस्थही बसू द्यायचा नाही. लग्नातला एक जुना फोटो होता. नवरा ताठ उभा, नवरी पदराआड, फक्त हातभर बांगड्या आणि मेंदी. नवऱ्याचं नाव मागे लिहिलेलं होतं, नवरीचं नव्हतं. हेडबाईंनी शेऱ्यात लिहिलं, "हिचे नाव शोधायचे आहे." त्यापायी आम्ही आठ महिने दारोदार फिरलो. ज्याला त्याला त्या फोटो दाखवायच्या आणि लोक म्हणायचे, "ती का? ती त्याची बायको." हेडबाई संतापायच्या. "बायको हे नाव नाही! हजेरीत काय लिहू मी, बायको?" शेवटी कल्याणला रेल्वेच्या चाळीत, दुसऱ्याच कुणाकडे गेलो असताना, कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या बोळक्या तोंडाच्या म्हातारीनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "अगंबाई, ही मीच की!" हेडबाई तिथेच खाली तांदळाशेजारी बसल्या. तिचं नाव, माहेरचं गाव, मेंदी कोणी काढली, पदर तोंडावर का होता, सगळं विचारून घेतलं. म्हातारी म्हणाली, "मला कोणी कधी विचारलंच नाही हो." परतताना स्टेशनवर हेडबाईंनी मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. पाच-सहा वर्षांत हे एकदाच झालं.

कागद परत गेला असं कधी घडलं नाही, असं मी वर म्हटलं. त्याला अपवाद माजिवड्याचा. तेव्हा माजिवडं म्हणजे भातशेतीतलं गाव. परदेशी गेलेल्या एका कुटुंबानं तिथल्या ओळखीच्या आगरी म्हातारीकडे कागदांची पेटी ठेवली आहे असं कळलं आणि आम्ही टांगा करून पोचलो. कागद आपल्याकडे का द्यावेत, याचं हेडबाईंनी आपलं ठरलेलं भाषण केलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "तू सांगतेस त्या समदा बराबर हाय गो बाय. पन पेटी माजी नाय, त्यांची हाय. ती बोलली, आमी येव तवा नेव. मी मेलू तं माजी सून राखंल." मला वाटलं, आता दुसरं भाषण होणार. पण त्यांनी विचारलं, "मग आम्ही इथेच बसून लिहून घेतलं तर चालेल का?" "त्याला काय! बस की." आम्ही आठ रविवार तिच्या अंगणात बाजेवर बसून त्या पेटीची नोंद केली. कोंबड्या हाकलायचं काम माझ्याकडे होतं. सगळे कागद पुन्हा पेटीत गेले. शेऱ्यात हेडबाईंनी लिहिलं, "मालक परदेशी. राखणदार भरवशाची."

आता जे सांगायचं आहे ते एका वकीलसाहेबांच्या पेटीचं. हे त्यांच्याच समाजातले निवृत्त वकील, मोठं प्रस्थ. त्यांचे आजोबा अलिबागेकडच्या एका गावी समाजाचे मुकादम, म्हणजे पुढारी होते. त्यांचं सगळं दप्तर एका शिसवी पेटीत होतं. वकीलसाहेबांनी ती दोन हमालांकरवी मोठ्या थाटात आणून दिली. "आमच्या घराण्याचा इतिहास आहे, बाई. जपून हाताळा." त्यांना स्वतःला मोडी वाचता येत नव्हती, त्यामुळे आत काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. दप्तर लागून पुरं झालं की यादी तपासून सही करीन, असं सांगून ते गेले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी एक घडी घातलेला कागद उलगडला आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले. हेडबाई टाक घेऊन लिहीत होत्या. पंचांचा निर्णय होता, मुकादमांच्या हातचा. गावातल्या एका बाईची आई समाजाबाहेरची असल्याचं कळलं आहे, तेव्हा यापुढे तिच्या हातचं पाणी कोणी घेऊ नये, तिच्या मुलांनी प्रार्थनेला मागे बसावं, प्रसादाचा मलिदा त्यांना सगळ्यांत शेवटी द्यावा. पुढच्या ओळीत त्या बाईचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. मी थांबले. ती दोन्ही नावं मला पाठ होती. हेडबाईंनी आपल्या घराण्याची वंशावळ मलाच तर उतरवून घ्यायला लावली होती. ती बाई त्यांची आजी होती, आईची आई.

"थांबलात का?"

"अक्षर लागत नाहीये," मी म्हटलं.

"मोडी तुम्हाला लागत नाही असं आजवर झालेलं नाही. वाचा."

मी वाचलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग टाक खाली ठेवला आणि मोरीत गेल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी तिथे बसून माझ्या माहेरच्या ओसरीवरचा, कोनाड्यात उपडा घातलेला एक वेगळा पेला आठवत होते. तो कोणासाठी असायचा हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. त्या समाजाला नावं ठेवायला मला जागा नव्हती.

बाहेर येऊन त्यांनी हात कोरडे केले. म्हणाल्या, "आई सणाच्या दिवशी मलिदा खायची नाही. भूक नाही म्हणायची. आम्हाला वाटायचं, तिला गोड आवडत नाही." मग खुर्चीवर बसल्या, नोंदवही पुढे ओढली आणि त्याच अक्षरात, त्याच शाईनं सगळे रकाने भरले. नावं पूर्ण लिहिली. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "ही माझी आजी."

नियमाप्रमाणे देणाऱ्याला यादी जायची. दप्तर लागून पुरं झाल्यावर ती वकीलसाहेबांना गेली आणि दुसऱ्याच दिवशी ते जिना चढून आले. हात धुवायला सांगितलं तर म्हणाले, "मी शिवायला आलो नाही. तो कागद काढून टाका. तुमच्यासाठीच सांगतो, बाई. लोक काय म्हणतील?"

"माझ्याबद्दल, की तुमच्या आजोबांबद्दल?"

"तुमच्या आजीचं नाव असं चारचौघांत..."

"चारचौघांतच तर तिला मागे बसवलं होतं, वकीलसाहेब. मग नाव चारचौघांत असायला काय हरकत आहे?"

वकीलसाहेबांचा आवाज चढला. "पेटी माझी आहे! मी ती परत नेऊ शकतो."

"न्या," हेडबाई म्हणाल्या. "सही झालेली नाही, तोवर ती तुमचीच." त्या पेटीत साठ-सत्तर वर्षांची लग्नं होती, जन्म होते, गावंच्या गावं होती. हेडबाई उठल्या आणि तो एक कागद दोन बोटांत धरून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "पण हा कागद तुमच्या आजोबांनी लिहिला आहे आणि माझ्या आजीवर लिहिला आहे. तेव्हा हा निम्मा तुमचा, निम्मा माझा. फाडू या का मधोमध?"

एका तान्ह्या मुलावर दोन बायका हक्क सांगायला येतात आणि शलमोन राजा ते मूल कापून वाटायला सांगतो, ही गोष्ट वकीलसाहेबांनी लहानपणी कीर्तनात दहादा ऐकलेली असणार. ते त्या कागदाकडे बघत राहिले. मग वकीलसाहेब म्हणाले, "नका फाडू." आणि पेटी तशीच ठेवून निघून गेले.

हेडबाईंनी तो कागद पुन्हा घडी घालून जागेवर ठेवला. मी विचारलं, "आणि ते फाडा म्हणाले असते तर?" त्या म्हणाल्या, "तर मी पकडले गेले असते. माझ्याच्यानं काय फाडवतंय!"

महिनाभर काही कळलं नाही. मग एका दुपारी वकीलसाहेब आले. काही न बोलता थेट मोरीत गेले, शिकेकाईनं हात धुतले, पुसले आणि शाळेतल्या मुलासारखे पुढे धरून उभे राहिले. हेडबाईंनी दोन्ही बाजूंनी हात तपासले, हे मी पाहिलं आहे. "सही राहिली होती," ते म्हणाले. त्यांनी पानं उलटून नेमकी ती नोंद काढली, शेरा वाचला आणि सहीच्या रकान्यात स्वच्छ, पूर्ण नावाची सही केली. टाक ठेवताना त्यांनी खाली बघतच विचारलं, "कशा होत्या त्या? तुमच्या आजी?"

"बसा," हेडबाई म्हणाल्या. "सांगते." आणि त्या दोन तास सांगत होत्या. नारळाच्या दुधातली मासळी ती कशी करायची, पोहायला कशी पटाईत होती, नवऱ्याला हाक मारताना अख्ख्या आळीला कशी ऐकू जायची. वकीलसाहेब मधेमधे हसत होते. निघताना म्हणाले, "हे सगळं लिहून ठेवा, बाई. माझ्या पेटीतच ठेवा." मी आजवर अनेक विद्वान पाहिले, मोठमोठ्या संस्थांची दप्तरं पाहिली. पण आपल्या घराण्याचा ताठा आणि आपली लाज एकाच शाईनं लिहिणारी दुसरी बाई मला भेटली नाही, आणि तिच्या शेजारी बसून मी मोडी वाचली, हे मी आजही मान वर करून सांगते.

पुढे ती नोंदवही समाजात फार नावाजली. परदेशी निघालेली कुटुंबं बोट गाठायच्या आधी आपली नोंद उतरवून घ्यायला यायची आणि हेडबाई प्रत्येकाला बसवून, त्याच्या पणजोबांपासून खडसावल्यासारखं वाचून दाखवायच्या. त्यांच्या कल्याणच्या धाकट्या बहिणीचं बिऱ्हाडही असंच निघालं. बहिणीनं फार आग्रह केला, "ताई, चल गं. इथे एकटी काय करशील?" हेडबाई म्हणाल्या, "एकटी कुठे? चौदाशे कागद आहेत." बोटीवर पोचवायला गेल्या नाहीत. त्या दिवशी आम्ही चौऱ्याऐंशी कागदांची नोंद केली, एरवी दहाही व्हायची नाही.

वर्षा-दीड वर्षानं बहिणीचं पत्र आलं. तिकडे तिला नात झाली होती. लिहिलं होतं, इथे सगळे वेगळीच भाषा बोलतात, पोर माझ्याकडे मराठीतच रडते असं मला वाटतं. आई म्हणायची ती अंगाई मला पहिल्या कडव्यापलीकडे आठवत नाही, तू लिहून पाठव. हेडबाईंनी माझ्या हातात कागद दिला. "घ्या लिहून." आणि डोळे मिटून त्या गायला लागल्या. आवाज असा की खिडकीतली चिमणी उडाली. त्या अंगाईत समुद्र होता, तेलाचा घाणा होता, भरतीबरोबर येणारा बाप होता. दुसरं कडवं झालं, तिसरं सुरू झालं आणि शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या. पुन्हा मागून आल्या, पुन्हा थांबल्या. ओळ आठवेना. एका स्वल्पविरामासाठी तीन घरं पालथी घालणारी ही बाई भिंतीकडे बघत बसून राहिली. बहीण तिकडे, आई कधीच गेलेली. विचारायला कोणी उरलं नव्हतं.

मग त्या हलकेच एक ओळ म्हणाल्या. चालीत बसत होती. मी लिहून घेतली.

"ही आईची नाही," त्या म्हणाल्या. "माझी आहे. तिला कळवू नका."

मी पत्र पाकिटात घातलं आणि आम्ही दोघी तलावाच्या कडेनं चालत पोस्टात गेलो. आता हेडबाईही नाहीत. ती नात तिकडे मोठी झाली असेल, तिच्या मुलांना तीच अंगाई म्हणत असेल, तीन कडवी, पुरी. त्यातली एक ओळ कोणाची, हे मला एकटीलाच माहीत आहे.